सर्व्ह केल्यावर मनगट पुन्हा पुन्हा दुखतंय? आधी मूठ तपासा

तक्रार नेहमी एकाच चालीने येते. टेनिसमध्ये सर्व्हचा, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या पहिल्या फटक्याचा, सराव वाढवला की आठवड्याभरात मनगटात कळ यायला लागते. मग दोन-तीन आठवडे रॅकेट बॅगेत, मनगटावर बर्फ, वरून पट्टा. बरं वाटतं. कोर्टवर परत गेल्यावर पहिला दिवस छान जातो, दुसऱ्या दिवशी जरा जाणवतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा तीच जागा, तीच कळ.

माझं दोन वर्षं हेच चाललं होतं. तेवढ्यात तीन वेगवेगळे पट्टे वापरून झाले, दोनदा महिना-महिना खेळ बंद ठेवून झाला. चेंडू मारताना माझा हात नेमकं काय करतो, हे मात्र मी एकदाही पाहिलं नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार. विश्रांतीने सूज उतरते, पण सूज आणणारी हालचाल जशीच्या तशी राहते. म्हणून दुखणं परत येतं.

पुढचं सगळं अशा हळूहळू वाढणाऱ्या, येऊन-जाऊन असणाऱ्या दुखण्यासाठी आहे. हातावर पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, मनगट उघड सुजलं असेल, रात्री ठणक्याने जाग येत असेल, करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील, किंवा हातात धरलेली वस्तू निसटत असेल, तर तंत्र सुधारत बसू नका. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर वाटच पाहू नका. मनगटाजवळच त्यांच्या हाडाची वाढ होत असते आणि तिथलं टिकून राहिलेलं दुखणं "खेळून खेळून दुखतंय" म्हणून सोडून द्यायचं नसतं.

नेमकं कुठे दुखतंय?

"मनगट दुखतं" एवढ्याने काही कळत नाही. दुसऱ्या हाताचं एक बोट ठेवून दाखवता येईल इतकी नेमकी जागा शोधा.

सर्व्ह करणाऱ्यांना बहुतेकदा करंगळीच्या बाजूला दुखतं. तिथे दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक म्हणजे कोपराकडून येऊन हाडाच्या एका खोबणीतून पुढे जाणारा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. त्याला खोबणीत बसवून ठेवणारं एक आवरण असतं. मनगट करंगळीकडे वाकलेलं आणि तळहाताकडे दुमडलेलं असताना हात फिरला की या आवरणावर सगळ्यात जास्त ताण येतो. ते सैल झालं की हात उलटासुलटा करताना टेंडन जागेवरून टचकन सरकल्यासारखा जाणवतो. दुसरी गोष्ट म्हणजे तिथल्या हाडांच्या मधली कूर्चेची त्रिकोणी गादी. डॉक्टर तिला टीएफसीसी म्हणतात. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकून, जोर देऊन उठून पाहा. करंगळीकडे खोल आत कळ आली, तर संशय या गादीवर जातो. तिच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. त्यामुळे तिथली इजा आपोआप भरून येईल या आशेवर राहण्यात अर्थ नाही.

अंगठ्याच्या मुळापासून वर मनगटाकडे दुखत असेल, तर तिथल्या टेंडनना सूज असू शकते. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे हळूच वाकवा, लगेच कळेल. रॅकेट आवळून धरणाऱ्यांना हे होतं.

तळहाताच्या खालच्या मांसल भागात, करंगळीच्या बाजूला, दाबल्यावर दुखत असेल तर ते अंगावर काढू नका. तिथे आकड्यासारखं एक छोटं हाड असतं आणि रॅकेटच्या मुठीचं टोक नेमकं त्याच्यावर आदळतं. त्याला तडा गेला तरी साध्या एक्स-रेमध्ये तो बरेचदा दिसत नाही, सीटी स्कॅन लागतो. "एक्स-रे तर चांगला आला" म्हणून कित्येक जण महिनोन् महिने खेळत राहतात.

मनगटाच्या पाठीवर मधोमध दुखत असेल तर पुढचा "फोन मागे ठेवा" हा भाग नीट वाचा, कारण बहुधा तुमची रॅकेट डोक्यामागे ताटासारखी उघडत, म्हणजे तारा आकाशाकडे करत असणार.

या चाचण्या निदानासाठी नाहीत. कोणत्या दिशेने पाहायचं, डॉक्टरांना काय सांगायचं, एवढंच त्यांतून कळतं.

"मनगट मार!"

सर्व्ह शिकताना हे वाक्य कानावर पडलं नाही असा खेळाडू मला अजून भेटायचा आहे. वेग हवा? मनगट मार. चेंडू लांब जातोय? मनगट मार. माझ्या मते वारंवार येणाऱ्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा याच सूचनेत असतं. सांगणाऱ्याला जे दिसतं ते खोटं नसतं. चांगल्या सर्व्हमध्ये मनगट खरंच वेगाने पुढे येतं. पण ते आणलं जातं, मारलं जात नाही.

चाबूक डोळ्यांसमोर आणा. टोकाला सगळ्यात जास्त वेग असतो, पण म्हणून टोकाने काही जोर लावलेला नसतो. जोर मुठीकडून येतो. सर्व्हमध्ये पाय जमिनीला रेटतात, कंबर वळते, धड वळतं, मग खांद्यातून दंड आतल्या बाजूला फिरतो, कोपर सरळ होतं, कोपराखालचा हात स्वतःभोवती फिरतो, आणि या सगळ्यानंतर मागे राहिलेलं मनगट ओघात पुढे येतं. वर्ष २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी खेळाडूंच्या सर्व्ह मोजल्या गेल्या. चेंडू लागण्याच्या क्षणी त्यांचं मनगट सरासरीने सुमारे १५ अंश मागेच झुकलेलं होतं. म्हणजे जगातले उत्तम सर्व्हर चेंडूला भिडतात तेव्हा मनगट पुढे दुमडलेलं नसतं, जवळजवळ सरळ असतं. फोटोत दिसणारं खाली लोंबलेलं मनगट चेंडू निघून गेल्यानंतरचं असतं.

शिवाय चेंडू तारांवर असतो साधारण ५ मिलिसेकंद. पापणी लवायलासुद्धा याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एवढ्या वेळात ठरवून मनगट मारणं कुणालाच शक्य नाही. जो मारायला जातो तो आधीच स्नायू आवळून तयारीत राहतो. मग आवळलेलं, अर्धवट वाकलेलं मनगट चेंडूचा आणि रॅकेटचा सगळा हिसका स्वतःवर घेतं. एका तासात अशा ऐंशी-शंभर सर्व्ह झाल्या तर काय होणार?

उलट टोकाला जाऊन मनगट कडक धरणं हाही उपाय नाही. ते मोकळं हवं. खूप घट्ट म्हणजे १० धरलं, तर पकड ३ किंवा ४ असावी. चेंडू लागताना हात आपोआप जेवढा आवळायचा तेवढा आवळतो.

फोन मागे ठेवा

माझं दुखणं कोणत्या औषधाने नव्हे, एका व्हिडिओने सुटायला लागलं. फोन बेसलाइनच्या (कोर्टाच्या शेवटच्या रेषेच्या) मागे, कमरेच्या उंचीवर, सर्व्हच्या दिशेने ठेवा. स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर लावा. त्यात दोन फ्रेममध्ये जेमतेम ४ मिलिसेकंदांचं अंतर असतं, म्हणजे चेंडू तारांना चिकटलेली एखादी फ्रेम नक्की सापडते. दहा सर्व्ह करा आणि ती फ्रेम शोधा.

तीन जागी थांबून पाहा. पहिली जागा, हात वर जायच्या आधीची, रॅकेट डोक्यामागे असते तेव्हाची. तारा आकाशाकडे तोंड करून आहेत का, जणू तळहातावर ताट तोलून धरलंय? माझ्या फ्रेममध्ये तसंच होतं, आणि मनगट मागे जवळजवळ काटकोनात मोडलेलं होतं. चांगल्या सर्व्हमध्ये या वेळी रॅकेटची कड वर जात असते. दुसरी जागा, चेंडू लागतानाची. हात पूर्ण वर ताणलेला आहे की कोपर वाकलंय, चेंडू डोक्याच्या जरा पुढे आहे की डोक्यामागे? तिसरी जागा, चेंडू सुटल्यानंतरच्या चार-पाच फ्रेम. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा तळहात या वेळी उजवीकडे, बाहेर वळलेला दिसला पाहिजे. (डावखुऱ्यांनी इथून पुढे उजवं-डावं उलटं वाचावं.) तो तसा न दिसता सरळ खाली, जमिनीकडे पडलेला दिसला, तर हात फिरलेलाच नाही. सगळं काम मनगटाच्या बिजागरीने केलंय.

मूठ बदलल्याशिवाय पुढे काही होत नाही

ताट उघडण्याचं कारण मुठीत, म्हणजे रॅकेट धरायच्या पकडीत असतं. फोरहँडच्या पकडीने सर्व्ह करणाऱ्याच्या तारा सुरुवातीपासून नेटकडे पाहत असतात. कोपराखालचा हात फिरवला तर चेंडू भलतीकडे जाईल, म्हणून शरीर तो फिरवतच नाही. मग वेग देऊ शकेल असा एकच सांधा उरतो, मनगट. अशा खेळाडूला कितीही सांगा, हात फिरणार नाही. पकडच त्याला फिरू देत नाही.

सर्व्हसाठी कॉन्टिनेंटल ग्रिप नावाची पकड हवी. रॅकेटच्या मुठीला, म्हणजे दांड्याला, आठ पैलू असतात. रॅकेट कडेवर उभी धरली की सगळ्यात वरचा पैलू पहिला, त्याच्या उजवीकडचा तिरका पैलू दुसरा. तर्जनीच्या मुळाचा उंचवटा या दुसऱ्या पैलूवर बसवा. आठवायला सोपं म्हणजे हातोडी धरतो तशी. खिळा ठोकताना हातोडीची मूठ आपण जशी सहज धरतो, तशीच रॅकेट कडेवर धरायची. बोटं एकमेकांना चिकटवून मूठ वळू नका, तर्जनी जरा पुढे सरकवा.

इथे एक अडचण हमखास येते आणि बहुतेक जण तिथेच हार मानतात. मूठ बदलली की पहिले काही दिवस चेंडू डावीकडे कोर्टाबाहेर जातो. कारण उघड आहे. मूठ नवी, पण हात अजून जुन्या सवयीने न फिरता जातोय, त्यामुळे तारांऐवजी कड चेंडूला भिडते. हे पाहून माणूस आठवड्यात जुन्या मुठीवर परत येतो आणि मनगटाचं दुखणंही परत येतं. मी स्वतः एकदा असाच परत फिरलो होतो. दुसऱ्या खेपेला मी तीन आठवडे सामना खेळलोच नाही, नुसता सराव केला. तेव्हा कुठे नवी मूठ हातात बसली.

हात फिरायला शिकवण्यासाठी कोर्टामागच्या जाळीपाशी उभे राहा. चेंडू नको. नव्या मुठीने रॅकेट डोक्यापेक्षा उंच धरा आणि तिची कड जाळीला टेकवा. आता मनगट जसंच्या तसं ठेवून फक्त कोपराखालचा हात फिरवा, तारा जाळीवर सपाट बसेपर्यंत. तळहात जाळीकडे आला. दुसऱ्या हाताने मनगट चाचपून पाहा, ते वाकलेलं नसतं. कड, मग सपाट. पुन्हा कड, मग सपाट. वीस वेळा. हीच ती हालचाल, हिलाच लांबून पाहणारे "मनगट मारणं" समजतात. मला हा फरक डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली आणि जाळीपाशी हातात शिरायला दहा मिनिटं.

त्यानंतर सर्व्हिस लाइनवर, म्हणजे नेट आणि बेसलाइन यांच्या मधल्या आडव्या रेषेवर या. रॅकेट आधीच खांद्यामागे नेऊन, निम्म्या वेगाने, फक्त कड वर नेत शेवटी हात फिरवत चेंडू पलीकडे टाका. बेसलाइनवर जायची घाई नको.

आणखी एक सराव मला फार उपयोगी पडला. लांब मोज्यात एक चेंडू घालून गाठ मारा, मोज्याचं दुसरं टोक धरा आणि सर्व्हची हालचाल करा. पाय, धड, खांदा क्रमाने आले तर चेंडू मागे लोंबत राहतो आणि शेवटी सूंकन वर जातो. मधेच मनगटाने ओढायला गेलात तर मोजा सैल पडतो, चेंडू पाठीवर आपटतो. दुसऱ्या कुणी चूक दाखवायची गरज राहत नाही.

टॉस

मूठ बरोबर असूनही दुखत असेल तर बहुतेकदा दोष टॉसचा, म्हणजे मारण्याआधी चेंडू वर उडवण्याचा असतो. चेंडू डोक्यामागे किंवा फार डावीकडे गेला की त्याच्यापर्यंत पोचायला मनगट वाकवावंच लागतं. टॉस करा आणि चेंडू मारू नका, पडू द्या. तो पुढच्या पायासमोर, कोर्टाच्या आत साधारण एक-दीड फुटावर, पायाच्या रेषेत किंवा जरासा उजवीकडे पडला पाहिजे. दहापैकी सात-आठ टॉस तिथे पडेपर्यंत जोरात सर्व्ह करण्यात अर्थ नाही. वाईट टॉस सोडून द्यायला लाजू नका, नियमात त्याला पूर्ण मुभा आहे. वाकड्या टॉसच्या मागे हात वाकडा करून धावणं हे मनगटाला फार महागात पडतं.

स्लाइस सर्व्हला (चेंडूला बाजूने फिरकी देणाऱ्या सर्व्हला) चेंडूच्या बाजूने मनगट वळवून गुंडाळायची सवय अनेकांना असते. करंगळीकडच्या दुखण्याला यासारखं खतपाणी दुसरं नाही. फिरकी रॅकेटच्या वाटेतून येऊ द्या. टॉस किंचित उजवीकडे घ्या, कड जरा उशिरा उघडू द्या, बस.

रॅकेटबद्दल थोडक्यात

रॅकेटचा दांडा, म्हणजे मूठ, बारीक असेल तर रॅकेट हातात फिरते आणि आपण नकळत आवळतो. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहात यांच्या मधल्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी बसली पाहिजे. बोट शिरतच नसेल तर मूठ बारीक आहे, वर आणखी एक ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी) गुंडाळा. गुळगुळीत झालेली ओव्हरग्रिप वेळीच बदला, घामाने निसटणारी मूठ कुणीही आवळणारच. पॉलिएस्टरच्या कडक तारा दुखऱ्या मनगटासाठी नकोत. मऊ तारा लावा आणि ताण दोन-तीन पौंडांनी उतरवा. तारांमध्ये बसवतात तो रबरी तुकडा आवाज बदलतो, हाताला बसणारा धक्का त्याने कमी होत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

करंगळी मुठीच्या टोकाबाहेर सोडून सर्व्ह करण्याची पद्धत काही मोठे खेळाडू वापरतात. मनगट दुखत असताना ती टाळा. टोक थेट तळहातातल्या त्या आकड्याच्या हाडावर येतं.

परत सुरू करताना

इथे घाई करणाऱ्यांसाठी दोन नावं सांगतो. २००९ चा अमेरिकन ओपन विजेता हुआन मार्टिन डेल पोत्रो याच्या उजव्या मनगटावर २०१० मध्ये एक आणि डाव्या मनगटावर २०१४ ते २०१५ मध्ये तीन शस्त्रक्रिया झाल्या. २०२० मध्ये तीच स्पर्धा जिंकणाऱ्या डॉमिनिक थीमचं उजवं मनगट जून २०२१ मध्ये दुखावलं, करंगळीच्या बाजूलाच. नंतर त्याचा जुना खेळ परत आला नाही आणि २०२४ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. ही दुखणी सर्व्हमुळे झाली असं मला म्हणायचं नाही. पण सर्वोत्तम डॉक्टर आणि फिजिओ दिमतीला असूनही मनगट किती सावकाश बरं होतं, ते यातून दिसतं. इतर आजार हत्तीच्या पावलांनी येतात आणि मुंगीच्या पावलांनी जातात. हे दुखणं येतानाही मुंगीच्याच पावलांनी येतं, म्हणून आपण ते ओळखायला उशीर करतो.

दाराची मूठ फिरवताना, ओला टॉवेल पिळताना दुखत असेल तोवर सर्व्ह बंद. तेवढ्यात बळ वाढवायला सुरुवात करता येते. एक साधी हातोडी घ्या, हात टेबलावर टेकवा, मनगट काठाबाहेर. हातोडी उभी धरून सावकाश डावीकडे आडवी करा, परत उभी करा, मग उजवीकडे. पहिल्यांदा तिच्या डोक्याजवळ धरा, जमेल तसे बोटभर खाली सरका. जितकं खाली धराल तितकी ती जड लागते, वेगळं वजन आणायची गरज नाही. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दुसरा व्यायाम अर्धा-एक किलोच्या वजनाचा. तळहात खाली ठेवून मनगट दुसऱ्या हाताच्या मदतीने वर न्या आणि स्वतःच्या बळावर चार मोजत खाली सोडा. खांद्याचे रबरबँडचे व्यायामही सोडू नका. दमलेला खांदा आपलं काम खाली मनगटाकडे ढकलतो.

दुखणं ० ते १० मध्ये मोजायची सवय लावा. व्यायाम करताना ३ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्ववत झालेलं हवं. सकाळी वाढलेलं असेल तर एक पायरी मागे. खेळायच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. गोळीने जी सूचना दबते, नेमकी तीच या दिवसांत ऐकायची असते.

पायऱ्या मी अशा ठेवल्या होत्या. पहिला आठवडा चेंडूशिवाय, नुसती हालचाल आणि जाळी. दुसऱ्या आठवड्यात सर्व्हिस लाइनवरून वीस, निम्म्या वेगाने, एक दिवसाआड. तिसऱ्यात बेसलाइनवरून तीस, तरीही निम्म्या वेगाने. चौथ्यात संख्या तीच ठेवून वेग वाढवला. संख्या आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत, हा नियम मी कटाक्षाने पाळला. सर्व्ह मोजण्यासाठी खिशात तेवढेच चेंडू ठेवायचे आणि ते संपले की थांबायचं. हात कितीही छान चालत असला तरी.

किक सर्व्ह, म्हणजे वरच्या दिशेने फिरकी देऊन चेंडू उंच उसळवणारी सर्व्ह, सगळ्यात शेवटी. टॉस मागे, पाठ वाकलेली, आणि चेंडूवर चढायला मनगट वळवण्याचा मोह, असं तिन्ही त्यात एकत्र येतं. फ्लॅट (बिनफिरकीची) आणि स्लाइस दोन आठवडे विनातक्रार झाल्यावरच तिला हात लावा. आणि त्या दिवशी फोन पुन्हा मागे ठेवा, कारण जुनी सवय परत येते ती याच सर्व्हमधून, आणि कळ यायच्या आधी ती फ्रेममध्ये दिसते.